कंबरेला करंट लावल्याने जुने दुखणे बरे होते का?

ज्या घरात कंबरदुखीचा जुना रुग्ण आहे, त्या घरात हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "ते करंटचं मशीन घरीच घेऊन टाकू का?" फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दहा दिवस पॅड लावले, शेक घेतला, तेवढा वेळ बरं वाटलं. घरी येऊन दोन बादल्या उचलल्या की पुन्हा तेच. रोजचा रिक्षाचा खर्च, रोजची फी. मग मोबाईलवर जाहिरात दिसते, एक छोटं मशीन, चार पॅड, आणि खाली लिहिलेलं, "कंबरदुखी मुळापासून बरी." मुलगा म्हणतो, अम्मीसाठी मागवू या. अम्मी म्हणते, कशाला पैसे घालवतोस.

आम्ही डॉक्टर नाही. शाळेत शिकवतो. पण पालकसभेनंतर, लग्नकार्यात, मोहल्ल्यात हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला, की त्यामागचं विज्ञान नीट समजून घ्यावं आणि सोप्या भाषेत मांडावं असं वाटलं. या यंत्राला 'टेन्स' म्हणतात. पूर्ण नाव लांबलचक आहे, ट्रान्सक्यूटेनिअस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन. सरळ अर्थ असा, की कातडीवरून सौम्य वीज देऊन नसांना चेतवणे. हे काय करतं, काय करत नाही, आणि घ्यायचंच असेल तर कशासाठी घ्यावं, ते पाहू.

आधी कंबरेचं दुखणं समजून घेऊ

बरगड्यांच्या खाली आणि कुल्ल्यांच्या वर जे दुखतं, त्याला डॉक्टर 'लो बॅक पेन' म्हणतात. ते तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की जुनं, म्हणजे क्रॉनिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे साधारण दर १३ माणसांमागे एकाला. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. म्हणजे ही तकलीफ फक्त आपल्या घरातली नाही. भिवंडी-मालेगावात लूमवर तासन्‌तास उभा राहणारा कारागीर असो, शिलाई मशीनवर वाकून बसणारी ताई असो, की ऑफिसात खुर्चीला चिकटलेला तरुण असो, कंबर सगळ्यांची धरते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की साधारण ९० टक्के रुग्णांत दुखण्याचं नेमकं एकच कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. हाड मोडलेलं नसतं, गाठ नसते, जंतुसंसर्ग नसतो. स्नायू, सांधे, गाद्या, झोप, ताण, कामाची पद्धत, सगळं मिळून ते दुखणं तयार होतं.

पण आपल्याकडे रुग्णाच्या हातात एमआरआयचा कागद असतो आणि तोंडात वाक्य असतं, "मणक्यात गॅप आलाय." या शब्दाने माणूस निम्मा खचतो. आता हे वाचा. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या मणक्यांचे फोटो तपासणारे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २० वर्षांच्या वयोगटातही ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि ८० वर्षांच्या वयोगटात ९६ टक्के लोकांच्या. यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. म्हणजे केस पांढरे व्हावेत तशी गादी झिजते. कागदावर 'गॅप' दिसला म्हणून दुखणं त्यानेच होतंय असं नाही, आणि आपण आता कायमचे अपंग झालो असं तर मुळीच नाही.

मशीन नेमकं काय करतं?

टेन्सचं मशीन मुठीत मावतं. आत बॅटरी असते. त्यातून दोन किंवा चार वायरी निघतात आणि त्यांच्या टोकाला चिकट पॅड असतात. पॅड कातडीवर लावून बटण दाबलं की विजेचे बारीक बारीक ठोके सुरू होतात. हे ठोके मिलिअँपिअरमध्ये मोजतात, म्हणजे घरातल्या विजेच्या मानाने फार कमी. लावणाऱ्याला मुंग्या आल्यासारखं, झिणझिण्यांसारखं वाटतं.

ठोक्यांचा वेग बदलता येतो. सेकंदाला ८० ते १०० किंवा त्याहून थोडे जास्त ठोके दिले तर सलग झिणझिणी वाटते. सेकंदाला दहापेक्षा कमी दिले तर टकटक जाणवते. मशीनवर 'मोड' म्हणून जी बटणं असतात, ती मुख्यतः हाच वेग बदलतात.

दवाखान्यात कंबरेला जे लावतात ते सगळं टेन्सच असतं असं नाही. 'आयएफटी' ही त्याची जवळची बहीण, तिच्यात दोन प्रवाह एकमेकांना छेदतात. 'अल्ट्रासाउंड' म्हणजे जेल लावून फिरवतात ते, त्यात वीज नसते, ध्वनीलहरी असतात. कमरेला वजन लावतात ते ट्रॅक्शन. आणि बाजारात फुलपाखरासारखा एक पॅड 'मसाजर' म्हणून स्वस्तात मिळतो, तो बहुधा स्नायू आखडवून सैल करणारा असतो. त्याला आणि टेन्सला एकच समजू नये.

शाळेच्या फाटकाचं उदाहरण

वीज लावल्याने दुखणं कमी का वाटतं? ही कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या रोममध्ये स्क्रिबोनिअस लार्गस नावाच्या वैद्याने डोकेदुखी आणि पायाच्या गाउटवर जिवंत विजेचा मासा लावण्याचा इलाज लिहून ठेवला आहे. मासा झटका द्यायचा, जागा बधिर व्हायची. असं का होतं, हे त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं.

याचं आधुनिक उत्तर १९६५ साली मिळालं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात 'गेट कंट्रोल' हा सिद्धांत मांडला. आम्ही तो शाळेच्या फाटकावरून समजावतो.

कल्पना करा, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक फाटक आहे. शरीराकडून मेंदूकडे जाणारा निरोप त्या फाटकातून जातो. निरोप आणणाऱ्या नसा दोन प्रकारच्या. स्पर्श, दाब, थरथर यांचा निरोप जाड नसा आणतात आणि त्या जलद धावतात. दुखण्याचा निरोप बारीक नसा आणतात. जाड नसांतून स्पर्शाच्या निरोपांची गर्दी आली, की फाटकावरचा शिपाई दार ओढून घेतो आणि दुखण्याचा निरोप कमी प्रमाणात आत सुटतो. मूल पडलं, गुडघा आपटला, की आई तिथे हात चोळते आणि मूल शांत होतं. तिने सिद्धांत वाचलेला नसतो, पण ती जाड नसाच जागवत असते. टेन्सचं मशीन हेच चोळणं विजेने करतं.

सिद्धांतानंतर दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, वॉल आणि विल्यम स्वीट यांनी माणसावर विजेच्या ठोक्यांनी दुखणं तात्पुरतं थांबतं हे दाखवलं. इथे 'तात्पुरतं' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे असंही आढळलं, की शरीर स्वतः तयार करतं ती अफूसारखी वेदनाशामक द्रव्यंही या ठोक्यांमुळे कामाला लागतात.

हे वाचल्यावर एक गोष्ट आपोआप ध्यानात येईल. मशीन निरोप अडवतं. ज्या जागेवरून निरोप निघतो, तिथे ते काहीच दुरुस्त करत नाही. गादी वर येत नाही, 'दबलेली नस' सुटत नाही, अशक्त स्नायू मजबूत होत नाही. म्हणून "मुळापासून बरी" हे जाहिरातीतलं वाक्य मशीनच्या स्वतःच्या शास्त्राशीच जुळत नाही.

अभ्यास काय सांगतात?

सिद्धांत ठीक, पण जुन्या कंबरदुखीच्या माणसाला प्रत्यक्षात फरक पडतो का? हे तपासायला एक खास पद्धत वापरतात. निम्म्या रुग्णांना खरं मशीन द्यायचं, निम्म्यांना तसंच दिसणारं, दिवा लागणारं, पण वीज न देणारं मशीन द्यायचं. रुग्णाला सांगायचं नाही. मग दोघांची तुलना करायची. कारण नुसत्या आशेनेही माणसाला बरं वाटतं, आणि कंबरदुखी स्वभावतःच कमी-जास्त होत राहते. फार दुखलं की आपण इलाजाला जातो. काही दिवसांनी ते तसंही थोडं उतरणारच असतं. श्रेय मात्र शेवटच्या इलाजाला मिळतं.

असा एक गाजलेला प्रयोग १९९० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी जुन्या कंबरदुखीचे १४५ रुग्ण घेतले आणि चार गट केले. खरं टेन्स, खोटं टेन्स, खऱ्या टेन्ससोबत व्यायाम आणि खोट्या टेन्ससोबत व्यायाम. एका महिन्याने पाहिलं तर खऱ्या आणि खोट्या मशीनमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक दिसला तो व्यायाम केलेल्या आणि न केलेल्यांत. व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, हालचाल वाढली.

या प्रयोगाचा दुसरा भाग लोक सांगत नाहीत. दोन महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तर बहुतेकांनी व्यायाम सोडून दिला होता आणि मिळालेला फायदाही गेला होता. ही गोष्ट पुढे पुन्हा कामाला येणार आहे.

२००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात असे चार चांगले प्रयोग, मिळून ५८५ रुग्ण, एकत्र पाहिले गेले. दुखणं कमी होतं का, याबद्दल निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. पण रोजची कामं करण्याची क्षमता वाढत नाही, यावर ते जुळत होते. २०१० मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने जुन्या कंबरदुखीसाठी टेन्सची शिफारस करू नये असं सांगितलं. मात्र मधुमेहामुळे नसांचं जे दुखणं होतं, त्यात ते बहुधा उपयोगी आहे, असंही म्हटलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्याने जुन्या कंबरदुखीसाठी या मशीनचे पैसे देणं, मंजूर संशोधनाचा अपवाद सोडून, बंद केलं. २०१६ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने डॉक्टरांना स्पष्ट लिहिलं, की कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका. आणि डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीबद्दल आपली पहिली मार्गदर्शिका काढली. तिच्यात टेन्स, कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाउंड यांचा नेहमीचा इलाज म्हणून वापर करू नये असा सल्ला आहे.

मग दुसरी बाजू नाहीच का? आहे, आणि तीही सांगायला हवी. २०२२ मध्ये एका मोठ्या आढाव्यात सगळ्या प्रकारच्या दुखण्यांवरचे ३८१ प्रयोग, २४ हजारांहून अधिक रुग्ण, एकत्र तपासले गेले. निष्कर्ष असा होता, की मशीन चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच, दुखण्याची तीव्रता खोट्या मशीनपेक्षा जास्त कमी होते. गंभीर दुष्परिणाम फारसे दिसले नाहीत. टेन्सच्या बाजूने बोलणाऱ्यांचं असंही म्हणणं आहे, की जुन्या अनेक प्रयोगांत वीज फार हळू ठेवली होती, म्हणून फरक दिसला नाही.

दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या तर चित्र पुरेसं स्वच्छ होतं. मशीन चालू असेपर्यंत काही जणांना खराच आराम मिळतो. पण महिन्या-दोन महिन्यांनी कंबर सुधारलेली दिसत नाही. "लावलं की बरं वाटतं" हे रुग्णाचं बोलणं खोटं नाही. "याने तुम्ही बरे व्हाल" हे विकणाऱ्याचं बोलणं मात्र टिकत नाही.

मग घ्यायचं की नाही?

आमचं मत सांगतो. इलाज म्हणून घेऊ नका. कर्ज काढून, हप्त्यावर तर नकोच. पण समजा घरात आधीच आहे, किंवा दवाखान्यात लावून पाहिल्यावर रुग्णाला खात्रीने आराम मिळतोय, तर त्याचा एक शहाणपणाचा उपयोग आहे. त्या अर्ध्या तासाच्या आरामात कंबर हलवून घ्यायची. मशीन लावून पडून राहिलात तर फायदा मशीनबरोबरच संपतो. आराम आहे तेवढ्यात चाललात, फिजिओने सांगितलेला व्यायाम केलात, तर काही तरी मागे उरतं.

आणखी एक बाजू विचारात घ्या. आपल्याकडे मेडिकलमधून विचारून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या लोक महिनोन्‌महिने खातात. त्यांनी पोटात अल्सर होतो, किडनी खराब होते, आणि बीपी-शुगरच्या वयस्कर रुग्णाला धोका जास्त. मशीनमुळे एखादी गोळी कमी होत असेल तर तो फायदा आहे. फक्त डॉक्टरांशी मशवरा करून.

वापरायचं असेल तर एवढं पाळा:

• विकत घेण्याआधी दवाखान्यात दोन-चार वेळा लावून पाहा. फरक वाटत नसेल तर विषय तिथेच संपवा.

• पॅड लावताना मशीन बंद हवं. कातडी स्वच्छ आणि कोरडी हवी. बाम किंवा तेल चोळून त्यावर पॅड लावू नका.

• पॅड मणक्याच्या हाडावर नको, त्याच्या दोन्ही बाजूंना, दुखतं त्या भागात.

• वीज हळूहळू वाढवा. झिणझिणी जोरदार हवी, पण दुखायला नको. फार हळू ठेवली तर उपयोग होत नाही, आणि सहन होत नाही इतकी वाढवली तरी काही जास्त फायदा नाही.

• एका वेळी अर्धा तास पुरे. रोज त्याच वेगाने लावत राहिलं तर शरीर सरावतं आणि आराम कमी वाटू लागतो. अधूनमधून वेग बदला, खाडे करा.

• झोपेत, आंघोळ करताना, गाडी चालवताना वापरू नका. चार्जिंगला लावलेलं मशीन अंगावर घेऊ नका.

• पॅडखाली लाली, खाज, फोड आले तर थांबा. पॅडचा चिकटपणा गेला की ते बदला, सेलोटेप लावून चालवू नका.

कोणी वापरू नये?

ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा तसं कुठलंही विजेवर चालणारं यंत्र बसवलेलं आहे, त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हातही लावू नये. गरोदर बाईने कंबर-पोटावर स्वतःच्या मनाने लावू नये. मानेच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर, छातीच्या आरपार पॅड कुणीच लावू नयेत. जखमेवर नको, जिथे कर्करोगाची गाठ आहे तिथे नको, पायात रक्ताची गुठळी असेल तर नको. फेफरे येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि शुगरच्या रुग्णाने खास जपावं. कातडी बधिर झाली असेल तर वीज किती वाढली ते कळत नाही आणि भाजू शकतं.

एकाच घरात मशीन आलं की ते सासूपासून नातवापर्यंत सगळ्यांना लावून पाहिलं जातं. ते टाळा. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

मशीनपेक्षा मोठी गोष्ट: धोक्याच्या खुणा

या लेखातलं काहीच लक्षात राहिलं नाही तरी हा भाग लक्षात ठेवा. मशीनचा सर्वांत मोठा धोका वीज नाही. आतला आजार झाकला जाणं हा आहे.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. टीबी म्हणजे फक्त खोकला असं आपण समजतो, पण तो मणक्यालाही होतो आणि सुरुवातीला फक्त कंबर किंवा पाठ दुखते. रुग्ण महिनोन्‌महिने शेक घेतो, पट्टा बांधतो, करंट लावतो. तोवर मणका पोखरला जातो. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, भूक मरणं, आडवं पडूनही न थांबणारं आणि रात्री वाढणारं दुखणं, यातलं काही असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि तपासणी करा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. या आजारात लाज धरण्यासारखं काही नाही, आणि वेळेवर पूर्ण इलाज घेतला तर तो बरा होतो.

वयस्कर बाईला किरकोळ पडण्याने किंवा जड उचलल्याने अचानक जोराची कंबरदुखी सुरू झाली, तर ठिसूळ मणका दबलेला असू शकतो. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी कंबरदुखीही तपासावीच लागते.

आणि पुढच्या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा: लघवी अडकणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बैठकीची जागा बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं. सकाळची वाट पाहू नये.

खरा इलाज कंटाळवाणा आहे

जागतिक आरोग्य संघटनेची तीच मार्गदर्शिका काय करा तेही सांगते. आपलं दुखणं समजून घेणं, व्यायाम, काही प्रमाणात मसाजसारखे हातांनी केलेले उपचार, मनाचा ताण आणि भीती कमी करणारे समुपदेशन, आणि गरजेपुरती दुखण्याची औषधं. यात चमकदार काही नाही. म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

व्यायाम कुठला? एकच जादूचा व्यायाम नाही. जो जमतो आणि रोज होतो तो. चालण्याला तर पैसेही लागत नाहीत. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग छापून आला. कंबरदुखीच्या झटक्यातून नुकत्याच सावरलेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना फिजिओच्या मार्गदर्शनाने हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं, आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास इथपर्यंत. न चालणाऱ्यांत दुखणं सरासरी ११२ दिवसांनी परतलं, चालणाऱ्यांत २०८ दिवसांनी. हा अभ्यास जुन्या दुखण्याचा नव्हता, पण चालण्याने कंबर झिजत नाही एवढं तरी त्यातून कळतं.

आपल्या घरांत अडचण वेगळीच असते. आई म्हणते, "दिवसभर कामच करते, अजून कसला व्यायाम?" ओट्याशी उभं राहणं, वाकून फरशी पुसणं, पाण्याचे हंडे उचलणं, यात कंबर एकाच पद्धतीने राबते, ती सैल होत नाही. म्हणून तिला वेगळी वीस-तीस मिनिटं हवीत. आणि ती मिनिटं तिला मागून मिळत नाहीत, घरातल्यांनी काढून द्यावी लागतात. पाणी कुणी तरी भरावं, संध्याकाळचा चहा कुणी तरी करावा. मशीनला जेवढे पैसे लागतात तेवढेही यात लागत नाहीत, पण सवयी बदलाव्या लागतात. डेयो यांच्या प्रयोगातले लोक व्यायामाने बरे झाले आणि सोडल्यावर पुन्हा दुखायला लागले, ते इथे आठवा. आपल्या घरांत व्यायाम बहुधा याच कारणाने सुटतो. करणारीला वेळ कुणी दिलेला नसतो.

एक शब्द नमाजबद्दल. कंबर धरली की बरेच लोक लगेच खुर्ची धरतात आणि मग वाकायची भीती मनात बसते. खुर्चीची सवलत कुणाला आणि कधी, हा आमचा विषय नाही. तो आपल्या आलिमांना विचारावा. शरीराच्या बाजूने इतकंच सांगू, की रुकू आणि सजदा ही कंबर-गुडघ्याची हालचाल आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत हालचाल धोक्याची नसते. आपल्या फिजिओला वाकून दाखवा आणि विचारा, की मी किती वाकू, हळूहळू कसं वाढवू. दुखणं कमी झालं तरी केवळ भीतीमुळे वाकणं बंद राहू नये.

पैसे देण्याआधी विचारा

दवाखान्यात "वीस सिटिंगचं पॅकेज" सांगितलं तर आदबीने पण सरळ विचारा. वीस बैठकांत किती वेळ मशीन आणि किती वेळ व्यायाम? घरी करायचे व्यायाम कागदावर लिहून देणार का? सुधारणा कशावरून मोजणार, नुसतं "आज कसं वाटतंय" की किती चालता येतं, किती वेळ बसता येतं यावरून? चार-सहा बैठकांत फरक नसेल तर पुढे काय? चांगला फिजिओ या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खूश होतो. जिथे रुग्णाला मशीन लावून पडदा ओढून सगळे निघून जातात, तिथे आपण विजेचं भाडं देतो, इलाजाचे पैसे नाही.

विकत घेताना खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक पाहा, पक्कं बिल घ्या. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आणली आहेत, त्यामुळे कसलाही पत्ता नसलेलं मशीन अंगाला लावण्याचं कारण नाही. "सात दिवसांत गॅरंटी" असं लिहिलेलं असेल तर तेच न घेण्याचं कारण समजा.

कंबरेत तार बसवून मज्जारज्जूला वीज देण्याचं ऑपरेशनही मोठ्या शहरांत होतं. ते टेन्स नाही. ते महागडं आहे, त्यात शस्त्रक्रियेचे धोके आहेत, आणि साध्या जुन्या कंबरदुखीत त्याचा फायदा २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसला नाही. कुणी सुचवलं तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

घरात मशीन असेल तर फेकू नका. उद्या संध्याकाळी अम्मीला अर्धा तास लावा, आणि काढल्याबरोबर तिच्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत चालून या. परवा थोडं पुढे. मशीन नसेल तर नुसते चालायला निघा.